रिकाम्या गॅलरीपुढची शर्यत

29 मे 2025. दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात विजा कडाडू लागल्या, पाऊस कोसळू लागला आणि आशियाई अजिंक्यपद ॲथलेटिक्स स्पर्धा मध्येच थांबवावी लागली. धावपटूंना आत बोलावलं गेलं, प्रेक्षक घरी गेले. पाऊस ओसरल्यावर स्पर्धा पुन्हा सुरू झाली, तेव्हा गॅलरीत फक्त ओल्या खुर्च्या होत्या. त्या खुर्च्यांसमोर विशाखापट्टणमची ज्योती याराजी शंभर मीटर अडथळ्यांची शर्यत 12.96 सेकंदांत जिंकली आणि स्पर्धेचा विक्रम तिच्या नावावर लागला. त्याच ओल्या ट्रॅकवर बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 20.92 सेकंदांत जिंकला. पुरुषांच्या स्टीपलचेसमध्ये या स्पर्धेतलं सुवर्ण भारताला तब्बल 36 वर्षांनी मिळालं.

पदक घेताना राष्ट्रगीत वाजत असताना ज्योतीचे डोळे भरून आले. तो व्हिडिओ नंतर लाखो लोकांनी मोबाइलवर पाहिला. तिच्यामागची रिकामी गॅलरी त्यात स्पष्ट दिसते.

या अंकासाठी संपादकांनी ‘आशिया’ हे सूत्र दिलं, तेव्हा मला पहिल्यांदा ही स्पर्धा आठवली. हिच्याबद्दल बोलायला लागलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे एशियाड ना? नाही. एशियाड म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा. ती चार वर्षांनी येते. तिथं कबड्डीपासून नेमबाजीपर्यंत सगळं असतं, उद्घाटनाला नाचगाणी असतात, आणि घरी परतणाऱ्या खेळाडूच्या मिरवणुकीला गावातला ट्रॅक्टर सजतो. आशियाई अजिंक्यपद साधारण दोन वर्षांनी भरतं. तिथं फक्त धावणं, उड्या मारणं आणि फेकणं असतं. चार-पाच दिवसांत ते संपतं. वर्तमानपत्रात क्रिकेटच्या खाली दोन कॉलम मिळाले तरी पुष्कळ. माझं म्हणणं मात्र असं की, भारतीय ॲथलेटिक्सचं खरं चरित्र कुणाला लिहायचं असेल तर त्याने या दुर्लक्षित स्पर्धेपासून सुरुवात करावी. एशियाडमध्ये झळकलेली बहुतेक नावं आधी इथं घडलेली असतात.

बूट शिवणाऱ्यांच्या शहरात

पहिली स्पर्धा 1973 च्या नोव्हेंबरात फिलिपिन्समध्ये झाली, मनिलाजवळच्या मारिकिना इथं. मारिकिना हे फिलिपिन्समधलं बूट-चपला बनवणाऱ्यांचं शहर. घरोघरी चामडं कापणारे, तळवे शिवणारे कारागीर. धावणाऱ्यांच्या स्पर्धेला याहून चांगलं जन्मगाव मिळालं नसतं. आशियातल्या ॲथलेटिक्स संघटनांची एकत्र संघटना त्याच वर्षी उभी राहिली होती. तोवर आशियातल्या धावपटूला आपल्या खंडातल्या सगळ्यांशी भिडायचं, तर चार वर्षं एशियाडची वाट बघण्यावाचून पर्याय नव्हता. धावपटूचा भर मोजका असतो. पाच-सात वर्षांत शरीर उतरणीला लागतं. त्यातली चार वाट बघण्यात गेली तर हातात काय उरणार? दोन वर्षांनी भरणारी स्पर्धा ही या हिशेबातून आलेली गरज होती.

सुरुवातीची वर्षं जपानची. तिथं शाळा-कॉलेजांतून ॲथलेटिक्सची घट्ट वीण होती, मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे धावण्याचे संघ होते. भारताची मदार फौजेवर आणि रेल्वेवर होती. राजपुताना रायफल्सच्या श्रीराम सिंगने मारिकिनात आणि 1975 साली सोलमध्ये आठशे मीटर जिंकली. पुढच्याच वर्षी माँट्रिऑल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिली फेरी संपली तेव्हा सर्वांत पुढे हाच माणूस होता. त्याच्या मागून येऊन क्युबाच्या आल्बेर्तो हुआंतोरेनाने विश्वविक्रम केला. तो वेग पचवण्याचं धाडस आशियातल्या या दोन विजयांनी त्याला दिलं असावं, असं मला वाटतं.

1983 साली कुवेतपासून चीनचा वरचष्मा सुरू झाला आणि एखाददुसरा अपवाद वगळता तीन दशकं टिकला. चिनी संघ येतो तो प्रत्येक प्रकारात तयारीचा माणूस घेऊन. आपण ज्या प्रकारांकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणजे हातोडाफेक, बांबूउडी, चालण्याची शर्यत, तिथून ते पदकं गोळा करतात. पदकतक्त्यावर ही पदकं शंभर मीटरच्या पदकाइतकीच मोजली जातात.

जकार्ता, 1985

भारतात ही स्पर्धा कुणाला आठवत असेल तर ती एका बाईमुळे. 1985 साली जकार्तामध्ये पी. टी. उषाने शंभर मीटर, दोनशे मीटर, चारशे मीटर, चारशे मीटर अडथळे आणि चार बाय चारशे रिले अशी पाच सुवर्णपदकं जिंकली. चार बाय शंभर रिलेमध्ये एक कांस्य मिळालं ते वेगळंच.

हे वाचायला सोपं आहे, म्हणून जरा थांबून त्याचा अर्थ लावायला हवा. बहुतेक शर्यतींना आधी हीट, म्हणजे प्राथमिक फेरी असते. म्हणजे सहा पदकांमागे त्याहून कितीतरी जास्त वेळा ती काही दिवसांत धावायला उभी राहिली होती. शंभर मीटरला स्फोट लागतो. चारशे मीटरला शेवटच्या ऐंशी मीटरमध्ये पाय दगड होतात, तिथं तग धरावा लागतो. अडथळ्यांच्या शर्यतीत दोन अडथळ्यांमधली पावलं मोजून टाकावी लागतात, एक पाऊल चुकलं की पुढचा सगळा ताल गेला. एकाच शरीराकडून एकाच आठवड्यात हे सगळं मागणं आज कुठलाही प्रशिक्षक करणार नाही. लॉस एंजेलिसला आदल्याच वर्षी तिचं ऑलिंपिक कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. ओ. एम. नंबियार या तिच्या गुरूंनी आणि तिनं त्या हुकलेल्या क्षणाला उत्तर दिलं ते जकार्तात.

तिच्या समोर उभी असलेली फिलिपिन्सची लिडिया डी व्हेगाही विसरायला नको. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये आणि 1986 च्या सोल एशियाडमध्ये शंभर मीटरला उषा दुसरी आली ती लिडियाच्या मागे. 1987 साली सिंगापूरच्या आशियाई अजिंक्यपदातही शंभर मीटर लिडियानेच नेली. या दोघींमुळे ऐंशीच्या दशकात आशियातली स्त्रियांची शंभर मीटर बघण्यासारखी झाली. लिडिया 2022 साली गेली. आपल्याकडे त्या बातमीवर फारसं कुणी लिहिलं नाही.

1989 साली स्पर्धा दिल्लीत आली आणि उषाने आणखी चार सुवर्णपदकं जिंकली. मग लग्न, मूल, मैदानापासून दूर गेलेली वर्षं. 1998 साली जपानच्या फुकुओकात ती परतली, तेव्हा वयाची चौतिशी आली होती. तिथं तिनं दोनशे आणि चारशे मीटरमध्ये कांस्य आणि चार बाय शंभर रिलेत सुवर्ण मिळवलं. 1983 ते 1998 या काळात तिनं या एकाच स्पर्धेत 14 सुवर्णपदकं जिंकली. मला फुकुओकाची उषा जकार्ताच्या उषेपेक्षा मोठी वाटते. जकार्तात ती वीस-एकवीस वर्षांची होती आणि शरीर तिचं ऐकत होतं. फुकुओकात तिला शरीराला पुन्हा सगळं शिकवावं लागलं होतं.

बालेवाडीत पहाटे

ही स्पर्धा महाराष्ट्रात एकदाच आली, 2013 च्या जुलैत, पुण्याला. मूळ यजमान चेन्नई. श्रीलंकेतल्या तमिळांच्या प्रश्नावरून तेव्हा तमिळनाडूत वातावरण तापलं होतं आणि श्रीलंकेचे खेळाडू येणार असतील तर स्पर्धा भरवणार नाही, असं मुख्यमंत्री जयललिता यांनी जाहीर केलं. धावपळ होऊन स्पर्धा म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात आली. हे संकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. आशियाई संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष पुण्याचेच सुरेश कलमाडी. स्पर्धेआधी इथंच झालेल्या निवडणुकीत त्यांना कतारच्या दहलान अल हमद यांनी हरवलं आणि 2000 सालापासूनचं त्यांचं अध्यक्षपद त्यांच्याच शहरात गेलं.

पावसाळ्यात एका सकाळी मी बालेवाडीला गेलो. भुरभुर पाऊस होता. ट्रॅकवर फौजेतली मुलं दोनदोनच्या रांगेत संथ फेऱ्या मारत होती. लांब उडीच्या खड्ड्यावर ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्यावर साचलेलं पाणी दोन पोरं झाडूनं ढकलत होती. एका कठड्यावर आया बसलेल्या, मांडीवर डबे, नजर आपापल्या पोरांवर. वळणाजवळच्या, स्टीपलचेसच्या वॉटर जंपच्या खड्ड्यात पावसाचंच पाणी साठलं होतं.

2013 साली पंच म्हणून काम केलेले एक निवृत्त क्रीडाशिक्षक तिथं भेटले. आपल्याकडे मैदानी स्पर्धांचे पंच बहुतेक असेच, शाळा-कॉलेजांत पी. टी. शिकवणारे. परीक्षा देऊन ते तांत्रिक अधिकारी होतात आणि सुट्ट्यांचे दिवस शिट्टी, झेंडे आणि मोजपट्ट्यांमध्ये घालवतात. त्यांच्याकडून मला कळलं की प्रेक्षकाला जी शर्यत दहा सेकंदांत संपताना दिसते, ती पंचांसाठी तासभर आधी सुरू झालेली असते. धावपटू सरावाच्या मैदानावरून ठरलेल्या मिनिटाला कॉल रूममध्ये हजर व्हायला हवा. उशीर झाला की बाद, मग तो कुणीही असो. तिथं त्याच्या छातीवरचा क्रमांक तपासतात, बुटांचे खिळे मोजतात, तळव्याची जाडी बघतात, पिशवीत मोबाइल नाही ना ते पाहतात. मग रांगेनं मैदानात. पिस्तूल वाजल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत कुणी हललं तर तो चुकीचा आरंभ धरतात. माणसाचा कान आणि पाय यांना त्याहून कमी वेळ पुरत नाही, असं नियम मानतो. 2010 पासून पहिल्याच चुकीला माणूस बाहेर. अंतिम रेषेवर डोकं, हात, पाय धरत नाहीत, धड आधी पोचलं पाहिजे. वाऱ्याचा वेग पाठीमागून सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर शर्यत खरी ठरते, विक्रम धरत नाहीत.

आणि पुण्याचा जुलै म्हणजे ओलावा आलाच. थाळीफेकीचं सिमेंटचं वर्तुळ ओलं झालं की गिरकी घेताना पाय सटकतो. पंच टॉवेल घेऊन उभे राहतात, फेकणारा स्वतः थाळी पुन्हा पुन्हा पुसतो. याच वर्तुळातून म्हैसूरमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या विकास गौडाने 64.90 मीटर थाळी फेकून सुवर्ण जिंकलं. भारताचं दुसरं सुवर्ण स्त्रियांच्या चार बाय चारशे रिलेचं. यजमानांना दोनच सुवर्णपदकं मिळाली म्हणून तेव्हा बरीच टीका झाली.

पण पुण्याने काय पाहिलं ते आज उलगडतं. शंभर मीटर जिंकणारा चीनचा सू बिंगत्यान पुढे टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत 9.83 सेकंदांत धावला, आणि तो आशियाचा विक्रम झाला. स्त्रियांची स्टीपलचेस सोळा वर्षांच्या एका मुलीने जिंकली होती. केनियात जन्मलेली, बहारीनसाठी धावणारी रूथ जेबेट. तीन वर्षांनी ती रिओत ऑलिंपिक विजेती झाली, त्याच महिन्यात तिनं विश्वविक्रम केला, आणि पुढे उत्तेजकाच्या चाचणीत सापडून तिच्यावर बंदी आली. एका धावपटूच्या आयुष्यातली सगळे चढउतार जिथून सुरू झाले, ती जागा बालेवाडीच्या या ट्रॅकवर आहे. तिथं कसलाही फलक नाही.

पस्तीस उड्या

स्टीपलचेस ही शर्यत मी मुद्दाम जवळून पाहिली, कारण या स्पर्धेच्या इतिहासातला महाराष्ट्राचा धागा तिच्यातूनच जातो.

ट्रॅकच्या साडेसात फेऱ्या. त्यात 28 वेळा लाकडी अडथळा आणि सात वेळा पाणी, म्हणजे एकूण 35 उड्या. शंभर मीटरच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला तर पडतो. हा पडत नाही. ऐंशी ते शंभर किलो वजनाची जाड तुळई असते ती, पुरुषांसाठी 91.4 सेंटिमीटर उंच, बायकांसाठी 76.2. पाय अडकला तर माणूस पडतो. पाण्याच्या खड्ड्यापुढे तुळईवर एक पाय टेकवून झेप घ्यायची असते. खड्डा अडथळ्याजवळ खोल आणि पुढे उथळ होत जातो, म्हणून जितकी लांब उडी तितकं कमी पाणी. पण लांब उडीला ताकद लागते आणि सातव्या खड्ड्यापर्यंत ती शिल्लक ठेवायची असते. बूट भिजतात, जड होतात. शिवाय पुढे-मागे, डाव्या-उजव्या हाताला माणसं असतात, आणि त्यांच्या पाठीमुळे समोरचा अडथळा शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. सरावात ही घुसमट तयार करता येत नाही. त्यासाठी मोठ्या स्पर्धा लागतात आणि म्हणून आशियाई अजिंक्यपद लागतं.

राजस्थानचा गोपाल सैनी 1981 साली टोकियोच्या आशियाई अजिंक्यपदात 8 मिनिटं 30.88 सेकंदांत धावला. तो राष्ट्रीय विक्रम 37 वर्षं टिकला. 1989 साली दिल्लीत दीना रामने सुवर्ण जिंकलं. मग पुरुषांमध्ये दीर्घ शांतता.

ती शांतता मोडण्याआधी साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आली. माण म्हणजे टँकरचा आणि चारा छावण्यांचा तालुका. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत सलग तीनदा पहिली आलेली ही बाई मॅरेथॉनचं अंतर सोडून स्टीपलचेसकडे वळली आणि 2015 साली वुहानच्या आशियाई अजिंक्यपदात 9 मिनिटं 34.13 सेकंदांत सुवर्ण घेऊन आली. तो राष्ट्रीय विक्रमही होता. वर्षभराने ती रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत उषेनंतर पोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. पुढे राज्य सरकारने तिला महसूल सेवेत घेतलं.

अविनाश साबळे मांडव्याचा, आष्टी तालुक्यातला. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर लांब, पायी किंवा पळत. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. सियाचीन, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या आणि फौजेच्या क्रॉसकंट्रीतून तो धावण्याकडे आला. वयाची विशी ओलांडल्यावर. खेळाडू घडवण्याच्या पुस्तकी हिशेबात हे उशिराचंच. 2018 साली भुवनेश्वरला त्यानं सैनीचा विक्रम मोडला आणि मग आपलाच विक्रम पुन्हा पुन्हा मोडत पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांपर्यंत आणला. 2019 साली दोह्याच्या आशियाई अजिंक्यपदात त्याला रौप्य मिळालं होतं, सुवर्ण बहारीनच्या केनियात जन्मलेल्या जॉन कोएचला. राष्ट्रकुलचं रौप्य, एशियाडचं सुवर्ण, ऑलिंपिकची अंतिम फेरी हे सगळं झाल्यानंतर गुमीचं सुवर्ण आलं. क्रम उलटा वाटतो. पण हे एक पदक त्याच्या नावापुढे नव्हतं आणि गुमीच्या पावसात तो ते आणायला गेला होता.

माण आणि आष्टी, दोन्ही तालुके पाण्यासाठी आभाळाकडे बघणारे. पाण्यावरून उड्या मारण्याच्या शर्यतीत भारताचं नाव या दोन तालुक्यांनी वर काढलं. यामागे गूढ काही नाही. लहानपणापासून अंगात मुरलेलं चालणं, उन्हातले माळ, आणि फौजेची किंवा रेल्वेची नोकरी मिळाली तर घर सावरेल ही ओढ. ट्रॅक दोघांच्याही आयुष्यात फार उशिरा आला. मांडव्यासारख्या गावात पोरं आजही धावतात ती पोलीसभरतीसाठी, डांबरी रस्त्याच्या कडेनं.

नव्वद दिवसांचं मैदान

चेन्नईचं पुण्याला आलं, तसंच 2017 साली रांचीचं भुवनेश्वरला गेलं. रांचीने माघार घेतल्यावर ओडिशा सरकारने कलिंगा स्टेडियम नव्वद दिवसांत सज्ज केलं. नवा ट्रॅक, नवे दिवे, सरावाचं वेगळं मैदान. तिथं भारत पदकतक्त्यात पहिल्यांदा पहिला आला. स्पर्धा संपली तेव्हा 29 पदकं होती, त्यात 12 सुवर्ण. चीनने जागतिक स्पर्धा तोंडावर असल्यामुळे आपले बरेच अव्वल खेळाडू घरी ठेवले होते, हेही खरं. तरीही गोविंदन लक्ष्मणनने पाच आणि दहा हजार मीटर दोन्ही जिंकल्या, एकोणीस वर्षांच्या नीरज चोप्राने भाला 85.23 मीटरवर टाकला, आणि जलपायगुडीची स्वप्ना बर्मन सात प्रकारांच्या हेप्टॅथलॉनमधली शेवटची आठशे मीटर संपवून रेषेपलीकडे कोसळली. तिच्या दोन्ही पायांना सहा सहा बोटं आहेत. नेहमीच्या बुटात ती मावत नाहीत.

याच भुवनेश्वरमधली एक गोष्ट मला अजून खुपते. आशियाई विजेत्याला काही अटींसह जागतिक स्पर्धेचं थेट दार उघडतं. ठरलेली पात्रता वेळ गाठली नसली तरी खंडाचा विजेता म्हणून त्याला जागा मिळू शकते. आशियातल्या पंधराशे मीटरच्या शर्यती डावपेचांच्या असतात, सगळे एकमेकांवर नजर ठेवून संथ धावतात आणि शेवटच्या तीनशे मीटरमध्ये उसळतात. वेळ मंद येते, विजेता मात्र खरा असतो. त्याच्यासाठीच हे दार आहे. पलक्कडजवळच्या मुंडूरची, शेतमजुरांची मुलगी पी. यू. चित्रा हिनं भुवनेश्वरला पंधराशे मीटर जिंकली. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने लंडनच्या जागतिक स्पर्धेसाठी संघ निवडला, त्यात तिचं नाव नव्हतं. कामगिरी पुरेशी नाही, असं कारण दिलं. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने तिला पाठवायला सांगितलं, तोवर मुदत संपली होती आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने नकार दिला. जगाने उघडं ठेवलेलं दार आपल्याच माणसांनी लावून घेतलं. दोन वर्षांनी दोह्यात चित्राने पंधराशे मीटरचं सुवर्ण पुन्हा जिंकलं.

परत गेलेली पदकं

या स्पर्धेच्या पदकतक्त्यावर पूर्ण विसंबता येत नाही, कारण तो स्पर्धा संपल्यावरही हलत राहतो. भुवनेश्वरची गोळाफेकीतली सुवर्णविजेती मनप्रीत कौर उत्तेजकाच्या चाचणीत दोषी ठरली. दोह्यात आठशे मीटर जिंकणारी तमिळनाडूची गोमती मारिमुथू 2 मिनिटं 2.70 सेकंदांत धावली, घराघरांत तिची गरिबीची कहाणी पोचली, आणि नंतर नँड्रोलोन हे उत्तेजक सापडल्याने पदक गेलं, चार वर्षांची बंदी आली. असं झालं की दुसरी आलेली पहिली होते. पण तिला तिचं राष्ट्रगीत मैदानात कधीच ऐकायला मिळत नाही. फसवणुकीचा खरा मार तिला बसतो.

दुसरा प्रश्न देश बदलण्याचा. आखाती देशांनी आफ्रिकेतले धावपटू नागरिकत्व देऊन आणले. 2019 साली दोह्यात बहारीन पदकतक्त्यात पहिला आला तो त्यांच्या जोरावर. साबळेच्या पुढे कोएच होता, पुण्यात स्टीपलचेसमध्ये भारताच्या सुधा सिंगच्या पुढे जेबेट होती. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2017 साली अशी देशबदली गोठवली आणि पुढच्या वर्षी तीन वर्षं थांबण्याची अट घालून नवा नियम केला. मला त्या धावपटूंचा राग येत नाही. केनियाच्या एका जिल्ह्यात जगातले दहा उत्तम धावपटू असतील आणि देश तिघांनाच पाठवणार असेल, तर चौथ्याने काय करावं? पण सुधा सिंगने या स्पर्धेत लागोपाठ रौप्यपदकं घेऊन भुवनेश्वरला 2017 साली अखेर सुवर्ण मिळवलं, तेव्हा रायबरेलीच्या त्या बाईने किती वर्षं दुसरी उभी राहून काढली, हेही डोळ्यांपुढे येतं.

मक्याची भुसकटं, भाताचा पेंढा

2021 ची हांगझोची स्पर्धा करोनामुळे झालीच नाही. चार वर्षांच्या खंडानंतर 2023 च्या जुलैत बँकॉकला ती भरली, तेव्हा आशियाई संघटनेला पन्नास वर्षं झाली होती. जपान पहिला, चीन दुसरा, भारत 27 पदकांसह तिसरा. तजिंदरपाल सिंग तूरने गोळा दुसऱ्या प्रयत्नात 20.23 मीटरवर टाकला आणि मांडीच्या सांध्यातल्या दुखापतीमुळे लंगडत वर्तुळाबाहेर आला. तेवढ्यावर सुवर्ण मिळालं.

उंच उडीत रौप्य मिळालं ते निफाड तालुक्यातल्या देवगावच्या सर्वेश कुशारेला, 2.26 मीटर. उंच उडीच्या सरावाला पाठीवर पडायला जाड गादी लागते, आणि ती गादी महाग असते. सर्वेशच्या गावात ती नव्हती. त्याच्या शिक्षकांनी मक्याची भुसकटं भरून गादी तयार केली आणि पोरगं त्यावर पडायला शिकलं. हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यातल्या एका गवंड्याची मुलगी पूजा सिंग अशीच पेंढा भरलेल्या पोत्यांवर, बांबूच्या आडव्या काठीवरून उड्या मारत वाढली. गुमीत तिनं 1.89 मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं, अठराव्या वर्षी. स्त्रियांच्या उंच उडीत भारताचं याआधीचं सुवर्ण 2000 सालचं, जकार्तात बॉबी अलॉयशियसचं.

बालेवाडीच्या त्या शिक्षकांनी सांगितलं की जिल्ह्याच्या स्पर्धेत अजूनही उंच उडीची गादी एकच असते आणि पावसात ती भिजली की आतला फोम दोन दिवस वाळत नाही. तेवढे दिवस मुलं कात्री मारून वाळूत उतरतात. कात्रीच्या उडीने फार उंच जाता येत नाही. पाठीवर पडण्याची उडी वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी अंगात भिनली नाही तर पुढे ती शिकायला फार वेळ जातो.

गुमीहून साबळे परतला, आणि जुलैत मोनॅकोच्या शर्यतीत वॉटर जंपवर पडून त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. शस्त्रक्रिया झाली. टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. सर्वेश मात्र तिथं पोचला. सप्टेंबरमध्ये त्याच टोकियोत, जिथं 44 वर्षांपूर्वी गोपाल सैनी धावला होता, सर्वेशने 2.28 मीटर पार केले. ती त्याची तोवरची सर्वोत्तम उडी. जागतिक स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय. तिथं तो सहावा आला.